ॲक्सिलरेटर नसलेली सीट

पहाटे ५:३५

गाडी पुसायला मी रोज मागून सुरुवात करते. आधी मागची काच, मग दोन्ही लाल दिवे, मग बाजूचे आरसे. समोरची काच सगळ्यात शेवटी. शिकायला येणाऱ्यांना हे उलटं वाटतं. पण समोरचं तर शिकाऊ माणूस डोळे फाडफाडून बघतच असतो. मागून कोण येतंय आणि त्याचं लक्ष कुठे आहे, हे बघायचं काम माझं. त्यासाठी आतल्या आरशाशेजारी माझ्यापुरता एक जादा आरसा लावलेला आहे.

पुसून झालं की वॅगनआर पार्किंगच्या भिंतीला पाठ करून उभी करायची, ब्रेक दाबायचा आणि भिंतीवर लाल उजेड दोन्ही बाजूंनी सारखा पडतो का ते मान वळवून बघायचं. एक दिवा गेला असेल तर आपण थांबतोय हे मागच्याला अर्धंच कळतं. ज्याचं लक्षच मुळात अर्धं, त्याला अर्धं कळून कसं भागेल?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला डावीकडच्या सीटपुढेही ब्रेक आणि क्लच असतात, तसा नियमच आहे. ॲक्सिलरेटर मात्र एकच, तोही शिकणाऱ्याच्या पायाखाली. या सीटवर बसायला लागून मला सोळा वर्षं झाली. सोसायटीचे वॉचमनकाका म्हणतात, "ताई, तुमची नोकरी म्हणजे दिवसभर ब्रेक मारायची." खोटं नाही.

सकाळी ६:००

पहिली बॅच डीपी रोडला, म्हात्रे पूल ते राजाराम पूल. या रस्त्याला ओळीने लग्नाची लॉन्स. लग्नसराईत सकाळी सहाला आदल्या रात्रीच्या फटाक्यांचे कागद अजून रस्त्यावर असतात आणि मंडपाचे बांबू भरलेले टेम्पो आडवे लागलेले असतात. तरी शिकायला हाच रस्ता बरा.

सहाचे विद्यार्थी बँकेतून रिटायर झालेले काका आहेत. वय त्रेसष्ट. मुलगी परदेशी गेली, जाताना गाडी दारात ठेवून गेली. काका गाडी चालवतात ते ऑडिट केल्यासारखी. सगळं बरोबर, फक्त वेळ लागतो.

"काका, तो समोरचा माणूस."

"दिसला मला."

"तुम्हाला तो दिसला. त्याला तुम्ही दिसलात का?"

काकांनी हॉर्न वाजवला. फिरायला निघालेले गृहस्थ रस्त्याच्या डाव्या कडेने, गाड्यांकडे पाठ करून, हात झुलवत चालले होते. काही फरक पडला नाही. काकांनी पुन्हा वाजवला, जरा रागाने.

पूर्वी बरं होतं, कानातून वायर लोंबायची. लांबून दिसायची, आणि वायर दिसली की हॉर्नवर भिस्त ठेवायची नाही एवढं सांगून भागायचं. आता बारीक बोंडं आली, ती माकडटोपीखाली दडतात. म्हणून मी मानेकडे बघायला शिकवते. पाठीमागे गाडीचा आवाज आला की ज्याला ऐकू येतं त्याची मान जराशी तरी हलते, निदान खांदा आत येतो. ज्याचं काहीच हलत नाही त्याला खांब समजायचं. खांबाला कुणी हॉर्न देतं का? आपणच वळसा घालतो. काकांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि मोठा वळसा घातला. गृहस्थांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. (रस्त्यावरची कुत्री या बाबतीत फार समंजस. टायरचा आवाज ऐकून उठतात, बाजूला होतात, परत येऊन निजतात.)

६:३५

दुसऱ्या बॅचला कॉलेजातली मुलगी. हात चांगला आहे, पण पुढच्या गाडीला चिकटते. हिला अंतर मीटरमध्ये सांगून उपयोग होत नव्हता. तिलाच काय, कुणालाच होत नाही. चालत्या गाडीतून वीस मीटर म्हणजे किती हे कुणाला डोळ्यांनी मोजता येतं? ते वेळेत मोजायचं. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून, खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं आणि आपण तिथे पोचेपर्यंत तीन सेकंद व्हायला पाहिजेत. घाबरलेला माणूस एक-दोन-तीन फार भरभर म्हणतो. त्यावर मी एक तोड काढली आहे. पालखीत म्हणतात तसं, चालीत, पाय टाकत म्हणायचं: ज्ञानोबा, माउली, तुकाराम. घाई न करता म्हटलं की बरोबर तीन सेकंद होतात. ही मुलगी आता पुटपुटत नाही, चक्क मोठ्यांदा म्हणते. खिडकी उघडी असली की शेजारच्या स्कूटरवाल्यांना वाटतं आम्ही भजनाला निघालोय.

तीनच का, असं तिने विचारलं. चाळीसच्या वेगाला गाडी सेकंदात अकरा मीटर जाते. धोका दिसायला आणि डोक्यात शिरायला एक सेकंद. पाय उचलून ब्रेकवर जाऊन गाडी आवरायला लागेपर्यंत दुसरा. तिसरा सेकंद आपला नाहीच, तो पुढच्याच्या मोबाइलचा. तो खाली बघत असतो, वर बघतो, दचकतो आणि ब्रेकवर उभा राहतो. त्याच्या या दचकण्याची किंमत आपण आधीच भरून ठेवायची.

"पण मॅडम, गॅप ठेवला की कुणीतरी घुसतंच."

"घुसू दे. मागे हो आणि परत ज्ञानोबापासून सुरू कर."

पुण्यात तीन सेकंदांची जागा तीन सेकंदसुद्धा रिकामी राहत नाही, हे मलाही माहीत आहे. दहा वेळा कुणी घुसलं, दहा वेळा मागे झालो, तरी घरी पोचायला फार तर दोन-तीन मिनिटं जास्त. आणि घुसणारा पुढे निघून जातो. आपल्याला तोच हवा असतो, पुढे आणि लांब.

७:१५

शाळांची वेळ. या अर्ध्या तासात मी शाळेच्या रस्त्याला शिकाऊ माणूस नेत नाही, गेलंच तर स्टिअरिंगवर माझाही एक हात असतो. लक्ष उडालेला माणूस म्हटलं की सगळे मोबाइल धरतात. सव्वासातला स्कूटरवरून येणारा बाप बघा. पुढे एक पोरगं उभं, मागे एक बसलेलं, हुकला डबा आणि दप्तर, आणि बाप दर दहा मीटरवर मागे वळून विचारतोय, "बाटली घेतलीस का?" मोबाइल खिशात आहे, नियमाने चाललाय, आणि रस्त्यावर मात्र तो नाहीच. अशा स्कूटरच्या शेजारून जाताना मी दीड हात जागा जास्त ठेवायला लावते. बाटली विसरली असेल तर तो तिथल्या तिथे वळणार. आम्ही एक असाच वळलेला रोज बघतो.

९:१०

कर्वे रोड, ऑफिसची वेळ. वर मेट्रो, खाली मेट्रोचे खांब, नळ स्टॉपला मध्ये उड्डाणपूल. खांबामागून पायी माणूस कधी निघेल सांगता येत नाही. इथे मी फक्त शेवटच्या आठवड्यातले विद्यार्थी आणते. आज आणलेल्या बाई एक्केचाळीस वर्षांच्या आहेत. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं असतं आणि दर वेळी रिक्षा मिळत नाही, म्हणून शिकतायत. अशी गरज घेऊन येणारा माणूस लवकर शिकतो.

या बॅचला मी एक खेळ खेळते. पुढच्या गाड्यांपैकी फोनवर कोण आहे ते मागून ओळखायचं. पैज चहाची. सुरुवातीला कुणाला जमत नाही, चार दिवसांत जमायला लागतं, आणि एकदा जमलं की जन्मभर सुटत नाही.

दुचाकीवाला सोपा. मान एका खांद्यावर कलंडलेली, त्या खांद्यात आणि कानात फोन. किंवा हेल्मेटच्या गालात खुपसलेला. असा माणूस उजवीकडे वळताना उजवीकडे बघू शकत नाही, कारण मान मोकळीच नाही. त्याच्या कललेल्या बाजूने ओव्हरटेक करायचं नाही. डिलिव्हरीची मुलं वेगळी. त्यांचा फोन हँडलवर असतो आणि त्यांना घराचा नंबर शोधायचा असतो. वेग अचानक कमी झाला, डोकं डावी-उजवीकडे पाट्या वाचायला लागलं की तो कुठल्याही क्षणी, कुठल्याही बाजूला वळणार. त्या पोरांवर मी चिडत नाही. घाई त्यांची नसते, मागवणाऱ्याची असते.

चारचाकीवाला अवघड. काचा बंद, काळपट. तिथे माणूस बघायचा नाही, टायर बघायचे. गाडी पट्ट्याकडे हळूहळू सरकते, मग झटक्यात मधे येते, परत सरकते. रस्ता मोकळा असून वेग पंचवीसवर येतो, मग एकदम पन्नास. दारू प्यायलेल्याचीही गाडी अशीच जाते, पण सकाळी सव्वानऊला शक्यता फोनचीच जास्त.

"ती पांढरी," बाई म्हणाल्या. आमच्या पुढे उजव्या बाजूला एक सेडान होती. दुभाजकाला लागेल इतकी सरकली आणि सावरली.

"मग काय करायचं?"

"ओव्हरटेक?"

"तो सरकत असताना त्याच्या शेजारी जायचं?"

त्या गप्प झाल्या. ॲक्सिलरेटरवरचा पाय आपणहून उचलला. मला हेच हवं होतं. अशा गाडीच्या मागे राहावं, नाहीतर एकदम पुढे निघून जावं. शेजारी रेंगाळू नये. पुढे जायचंच तर ती सरळ चाललेली असताना, आधी एक छोटा हॉर्न देऊन, एका दमात. लांबलचक हॉर्न नको. त्याने माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस स्टिअरिंग ओढतो.

नळ स्टॉपचा सिग्नल लाल. इथे थांबायचीही एक पद्धत आहे. पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतक्या अंतरावर थांबायचं, म्हणजे मागून कुणी न थांबता आलाच तर बाजूला काढायला जागा राहते. गिअर पहिला, डोळे आरशात. मागे एखादी गाडी येऊन पूर्ण थांबेपर्यंत ब्रेकवर पाय दोन-तीनदा हलका मारायचा, लाल दिवे लुकलुकले पाहिजेत. मागून येणारा खाली बघत असला तरी उघडझाप करणारा लाल उजेड डोळ्याच्या कोपऱ्याला टोचतो. मागे एक गाडी येऊन उभी राहिली की आपण सुटलो. पुढचं धडकणं तिच्या नशिबात.

सिग्नल हिरवा झाला. पांढरी सेडान हलेना. मागे शंभर हॉर्न. बाई डावीकडून काढायला लागल्या आणि मी माझा ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. त्या माझ्याकडे बघायला लागल्या तेवढ्यात सेडान उसळी मारून निघाली, तीही डावीकडे, आम्ही असायला हवं होतो बरोब्बर त्या जागेत. एक कॉलेजचा मुलगा झेब्रावरून धावत मागे गेला.

सिग्नलला फोनवर गुंगलेला माणूस तसा निरुपद्रवी असतो, उभाच असतो. हॉर्नने जागा झाला की तो धोक्याचा. त्याला वाटतं उशीर झाला, आणि इकडेतिकडे न बघता तो सुटतो. म्हणून हिरवा लागला तरी आपण उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे बघायचं, मगच क्लच सोडायचा. आणि झोपलेल्याला जागं करायचं काम मागच्या शंभरांवर सोडायचं.

चहा बाईंनी जिंकला होता. पण म्हणाल्या, आज मीच पाजते.

११:०५

अमृततुल्यात आमच्या स्कूलचे जुने सर भेटतात. त्यांचं मत असं की हे सगळं दंडाने सुटेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातातला फोन स्पष्टपणे घातला. पहिल्या गुन्ह्याला हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पुढे २०२० मध्ये नियमात एवढी सवलत दिली की रस्ता बघण्यापुरता फोन चालेल, लक्ष विचलित होता कामा नये. सर म्हणतात, या सवलतीनेच घोटाळा केला, आता जो तो म्हणतो मी मॅप बघत होतो.

मी म्हटलं, पकडणार कोण आणि सिद्ध करणार कसं? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले मोबाइल वापरामुळे म्हणून नोंदलेले मृत्यू ३,३९५. बहुतांश मृत्यू वेगाच्या खात्यावर. आता अपघातानंतर पोलिसांसमोर उभा राहून "साहेब, मी मेसेज वाचत होतो" असं कोण म्हणणार आहे? रबराच्या खुणा रस्त्यावर राहतात, नजर कुठे होती त्याची खूण राहत नाही. माझ्या मते तो आकडा कबुलीजबाबांचा आहे.

सरांचा पुतण्या म्हणाला, मी तर स्पीकरवर बोलतो, हात मोकळे असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट, आणि हात मोकळे ठेवून बोलण्यानेही तो फारसा कमी होत नाही. मला हे आकड्याविना पटतं. शिकणाऱ्याशी मी नुसती बोलत असले तरी त्याचा गिअर चुकतो. मी शेजारी बसलेली असते, रस्ता मलाही दिसतो, पुढे काही आलं की मी गप्प होते. फोनवरचा माणूस गप्प होत नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. साताऱ्याहून आई. ती रोज अकराला करते, कारण अकराला मी चहा पिते हे तिला पाठ आहे. हे पाठ व्हायला दोन वर्षं लागली.

दुपार

दुपारचं सांगण्यासारखं काही नाही. घरी जेवण, अर्धा तास पाठ टेकणं. ज्या दिवशी विद्यार्थ्यांची टेस्ट असते त्या दिवशी भोसरीच्या ट्रॅकवर जावं लागतं. तिथे आठचा आकडा काढायचा, एच काढायचा, चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलायची. कॉम्प्युटर चुका मोजतो. चांगली परीक्षा आहे, वशिला चालत नाही. एकच गोष्ट तिथे नसते, ती म्हणजे दुसरा माणूस. त्या ट्रॅकवर कुणी मान वाकडी करून समोरून येत नाही. नियमाप्रमाणे कारच्या शिक्षणाला किमान एकवीस दिवस आणि दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवणं लागतं. त्या दहा तासांतले निम्मे मी ट्रॅकवर न येणाऱ्या माणसासाठी राखते.

४:३०

हायवेची बॅच. मुलगा अठ्ठावीसचा, आयटीत. लायसन्स काढून चार वर्षं झाली, पण गाडी घेतली गेल्या महिन्यात, आणि आता हायवेची भीती घालवायला आलाय. त्याचीच गाडी, त्यामुळे माझ्या पायाखाली ब्रेक नाही. अशा वेळी मी हँडब्रेक कुठे आहे ते आधी बघून घेते.

वारज्याहून बायपासला लागलो, नवले पूल, दरी पूल करत नवीन कात्रज बोगद्यापर्यंत चढ. तिथून वळून परत उतार. हा उतार पुण्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलापाशी एका ट्रकने रांगेतल्या डझनावारी गाड्या चेपल्या. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले इथे गाडी न्यूट्रल करून सोडतात आणि खाली येईपर्यंत ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून उतरताना पुढच्या रस्त्याइतकंच मागच्या आरशात बघायचं. गाडी खालच्या गिअरमध्ये, इंजिनाने धरून ठेवलेली. ट्रकच्या शेजारून जायचं ते लगेच निघून जायचं. त्याच्या बाजूच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. तोंड दिसलं तर ते कुठे बघतंय तेही बघावं; दोन वेळा मला आरशात फक्त निळा उजेड पडलेली हनुवटी दिसली आहे.

मागून एक काळी गाडी डिपर मारत चिकटली.

"मुद्दाम ब्रेक मारू का जरा? शिकेल."

"तो फोनवर असेल तर काय शिकेल? तुझ्या डिकीत येऊन शिकेल. डावीकडे हो, जाऊ दे."

गेला. मुलगा जरा सैलावला. साठचा वेग, मधली लेन, सगळं छान. आणि एसीच्या जाळीला अडकवलेला त्याचा फोन उजळला. मम्मी.

त्याने फोन घेतला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते. त्याने फक्त कट करायला डावा हात पुढे केला. बोट लाल गोलावर नेमकं पडेना. साठच्या वेगाला सेकंदात साडेसोळा मीटर. दोन सेकंद त्याची नजर त्या गोलावर होती, म्हणजे तेहतीस मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं. पुढे गेलेला हात, वळलेला खांदा, आणि त्याबरोबर उजव्या हातातलं स्टिअरिंगही डावीकडे ओढलं गेलं. डाव्या लेनमध्ये भाजीचा टेम्पो होता. त्यावर बांधलेल्या निळ्या प्लॅस्टिकची गाठ मला खिडकीतून दिसली, इतका जवळ. मी उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं आणि सरळ केलं. झटका नाही, फक्त धरलं. टेम्पोवाल्याने हॉर्नही दिला नाही. त्यालाही काही कळलं नसावं.

सर्व्हिस रोडला गाडी घेतली, हॅझर्ड लावले, थांबलो. त्याचे हात कापत होते. त्याने आईला फोन लावला.

"मम्मी, मी गाडी चालवत असताना फोन करू नकोस ना."

पलीकडून आवाज मलाही ऐकू आला. "अरे, गाडी चालवतोयस ना नीट, हे बघायलाच केला होता."

त्याला मी माझी गोष्ट सांगितली, सांगायलाच हवी होती. अडीच वर्षांपूर्वी, सकाळच्या बॅचला, शिकणारी मुलगी नवीन. एका विद्यार्थ्याचा मेसेज आला, सातची बॅच सहाला करता येईल का. मी उत्तर लिहायला घेतलं. पुढची रिक्षा पॅसेंजर बघून थांबली. माझा पाय ब्रेकवर गेला, पण उशिरा. आमचा बंपर रिक्षाला लागला. कुणाला काही झालं नाही. रिक्षावाले दादा उतरले, आमच्या गाडीवरचा पांढऱ्यावरचा तांबडा एल बघितला, त्या मुलीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "शिकवणारीच मोबाइलवर," एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. भरपाईचे पैसे दिले आणि गाडीत बसले तर स्क्रीनवर अजून माझं अर्धं उत्तर होतं: "हो चाले". शेवटचं अक्षर राहिलंच होतं.

तेव्हापासून माझा फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत, चेन लावून असतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून पाहिला होता, हात तिथपर्यंत जातो. त्या मुलाला मी म्हटलं, फोन निघायच्या आधी मागे टाक. मॅप पाहिजे तर आवाज चालू ठेव, ती बाई बोलते तेवढं पुरे. आणि आईला सांग, निघताना तूच कळवशील, पोचल्यावर तूच कळवशील, मधल्या वेळात तू जगात नाहीस.

६:५०

संध्याकाळची शेवटची बॅच, एका नर्सची. ड्यूटी संपवून येते, दमलेली असते, म्हणून तिला रोज आधी विचारते, आज जमेल का? नाही म्हणाली तर बॅच पुढे ढकलते. अंधार पडायच्या सुमाराला दिवसाचे सगळे ठोकताळे सोपे होतात. समोरच्या गाडीतल्या माणसाचा चेहरा खालून उजळलेला दिसला की विषय संपला. आज मोजले, राजाराम पुलापर्यंत अकरा.

रात्री १०:४०

मुलगा हिंजवडीला, दुसरी पाळी. साडेनऊला "निघतो" असा मेसेज येतो, चांदणी चौकातून सव्वादहापर्यंत घरी. आज मेसेज वेळेवर आला. तो आला नाही.

पान वाढून ठेवलं होतं. ह्यांनी दोनदा गॅलरीत जाऊन बघितलं. मग टीव्हीचा आवाज बंद केला, हे वाईट लक्षण. मग फोन उचलला.

"एक फोन तर करून बघू."

"गाडीवर असेल तो."

"अगं, म्हणूनच तर."

मी काही बोलले नाही. सर्व्हिस रोडवर ऐकलेला दुसऱ्या एका आईचा आवाज यांना काय सांगायचा? आणि खरं सांगायचं तर माझाही हात दोनदा पिशवीच्या चेनपर्यंत गेला होता. तो फोन उचलणार नाही हे मला माहीत आहे. पण खिशात थरथर झाली की मन तिकडे जाणारच, आणि घरून आहे म्हटल्यावर जास्तच जाणार. चांदणी चौकात चार दिशांनी रॅम्प येतात, तिथे मन खिशात असून चालत नाही.

माझ्या फोनवर मेसेज आला. दोघंही दचकलो. बँकेतल्या काकांचा, उद्या सहाऐवजी सव्वासहा चालेल का. मी "चालेल" असं पूर्ण लिहिलं.

अकराला दहा कमी असताना खाली गेट घासल्याचा आवाज झाला, मग साइड स्टँडचा. जिन्यावर बूट. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, पेट्रोल पंपावर ही एवढी रांग होती.

"कळवायचं नाही का?" हे.

"रांगेत पुढेपुढे ढकलत होतो बाबा गाडी, कसं कळवणार? हात धुतो, वाढ गं."

मी आमटी गॅसवर ठेवली. हे अजून गॅलरीच्या दारातच उभे होते, आणि हातातल्या फोनवर त्याचंच नाव उघडं होतं, हिरव्या गोलाच्या वर अंगठा तसाच धरलेला.